नरक्यापासून इरिनोटेकनपर्यंत : कर्करोगावरील औषधे आणि संश्लेषण रसायनशास्त्र (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी पदव्युत्तर वर्गांना सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवतो. कर्करोगावरील औषधांचा विषय निघाला की वर्गातून प्रश्न येतातच. पण त्याहून अधिक प्रश्न वर्गाबाहेरून येतात. बागायतदार विचारतात, लोटे परशुरामच्या कारखान्यांत नोकरीला लागलेले माजी विद्यार्थी विचारतात, आणि घरात कोणाला तरी हा आजार निघाला की नातेवाईक रात्री उशिरा फोन करून विचारतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले त्यांची उत्तरे येथे लिहिली आहेत. उपचार कोणता घ्यावा हे सांगण्याचा अधिकार माझा नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा आहे; औषधाचा रेणू कसा सापडतो, कसा घडवला जातो आणि त्यासाठी इतकी वर्षे का लागतात, एवढेच मी सांगू शकतो.

‘सेंद्रिय’ रसायनशास्त्राचा सेंद्रिय शेतीशी काही संबंध आहे का?

नाही. आंब्याच्या पेटीवर ‘सेंद्रिय’ असे छापलेले असते त्यामुळे हा गोंधळ होतो. रसायनशास्त्रात सेंद्रिय, किंवा शालेय पुस्तकांतल्या शब्दात कार्बनी, म्हणजे कार्बनच्या सांगाड्यावर उभी असलेली संयुगे. साखर, कापूर, खोबरेल आणि पॅरासिटामॉल ही सगळी त्यातच येतात. संश्लेषण म्हणजे लहान, सहज मिळणाऱ्या रेणूंपासून पायरीपायरीने हवा तो मोठा रेणू बांधणे.

औषध झाडात तयार मिळत असेल तर ते प्रयोगशाळेत बनवण्याचा खटाटोप कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच सह्याद्रीत उभे आहे. आंबोली, सावंतवाडी, दोडामार्ग या पट्ट्यातल्या दाट रानात नरक्या नावाचे लहानसे झाड वाढते. त्याच्या फुलांना दुर्गंध येतो, म्हणून हे नाव पडले असे जुनी माणसे सांगतात. वनस्पतिशास्त्रातही त्याच्या जुन्या लॅटिन नावात ‘फीटिडा’, म्हणजे दुर्गंधी, हाच शब्द होता. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचा रेणू वेगळा केला. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. त्यांचे शिक्षण मुंबई विद्यापीठात झाले होते. पुढे १९७१ साली याच जोडीने पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या महत्त्वाच्या रेणूची रचना प्रसिद्ध केली. १९७२ साली टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात काम करताना दाखवून दिले की कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यातही आहे, आणि चांगल्या प्रमाणात आहे.

‘चांगले प्रमाण’ म्हणजे किती, तर वाळलेल्या लाकडाच्या हजार भागांत साधारण एक भाग, कधी त्याहून थोडे जास्त. एक किलो शुद्ध कॅम्प्टोथेसिनसाठी टनभर लाकूड लागते, आणि लाकूड मिळवायचे म्हणजे झाड तोडावे लागते, कारण पानांपेक्षा खोडात आणि मुळांत हा रेणू जास्त असतो. परदेशातून मागणी आल्यावर नरक्याची चोरटी तोड सुरू झाली आणि रानेच्या राने विरळ झाली. ज्या झाडाने जगाला कर्करोगावरचे औषध दिले, ते झाड त्या औषधापायीच नाहीसे व्हावे, याचे मला मनापासून दुःख होते.

तोड थांबवायची तर तोच रेणू दुसऱ्या वाटेने मिळाला पाहिजे. त्याचे पहिले पूर्ण संश्लेषण १९७१ साली गिल्बर्ट स्टॉर्क आणि आर्थर शुल्ट्झ यांनी केले. त्यानंतर अनेक मार्ग सुचवले गेले, काही अतिशय देखणेही आहेत. पण औषधाच्या कारखान्यात आजही बहुतांशी वनस्पतीतूनच मूळ रेणू घेऊन त्यावर पुढचे काम केले जाते, कारण अणूंच्या पाच कड्यांचा (रिंगांचा) हा सांगाडा रानात स्वस्त पडतो. स्वस्त हा शब्द मी येथे कारखान्याच्या हिशेबाने वापरला आहे. रानाच्या हिशेबाने तो स्वस्त नाही.

झाडातला रेणू तसाच औषध म्हणून का देत नाहीत? त्यात बदल का करावे लागतात?

कॅम्प्टोथेसिनचीच गोष्ट पुढे नेतो, कारण संश्लेषण करणाऱ्या माणसाचे खरे काम तिच्यात दिसते.

हा रेणू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे शिरेतून देता येईना. म्हणून १९७० च्या सुमारास त्याचा सोडियम क्षार बनवून रुग्णांना देऊन पाहिला. क्षार विरघळला, पण तो बनवताना रेणूच्या टोकाचे लॅक्टोन नावाचे कडे उघडले गेले, आणि औषधाचा गुण नेमका त्या मिटलेल्या कड्यातच होता. उघडलेला रेणू रक्तात फारसा उपयोगी पडला नाही. मूत्राशयात पोचल्यावर मात्र तेथील आम्लतेमुळे कडे पुन्हा मिटले आणि औषध नको त्या जागी जागे झाले. रुग्णांना मूत्राशयात रक्तस्राव झाला, चाचण्या थांबल्या आणि रेणू बाजूला पडला.

१९८५ साली लिरॉय लिऊ यांच्या गटाने तो पेशीत नेमके काय करतो हे शोधले आणि त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेले. काथ्याच्या दोरीचे दोन पेड मधूनच वेगळे करू लागलो की पुढच्या भागात पीळ साचत जातो आणि दोरी गाठाळते. पेशी विभागताना डीएनएचे दोन पेड असेच वेगळे होतात. साचलेला पीळ सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ हे विकर (एन्झाइम) एक पेड क्षणभर कापते, पीळ फिरू देते आणि पेड पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन त्या कापलेल्या जागी पाचरीसारखे बसते आणि जोड होऊ देत नाही. भराभर विभागणारी पेशी या तुटलेल्या टोकांवर अडखळते आणि मरते.

आता प्रश्न उरला विरघळण्याचा, आणि कडे न उघडता तो सोडवायचा होता. टोपोटेकनमध्ये सांगाड्याच्या दुसऱ्या टोकाला एक हायड्रॉक्सिल आणि एक अमाइन गट जोडला. इरिनोटेकनमध्ये त्याहून हुशारीची युक्ती आहे. जपानच्या याकुल्ट कंपनीतील रसायनतज्ज्ञांनी (होय, आंबवलेल्या दुधाच्या पेयासाठी ओळखली जाणारी तीच कंपनी) सातव्या जागी इथिल गट बसवला, दहाव्या जागी हायड्रॉक्सिल आणला आणि त्यावर दोन पायपेरिडिन कड्यांचे शेपूट लावले. या शेपटामुळे रेणू पाण्यात विरघळतो, पण शेपूट असेपर्यंत तो जवळजवळ निष्क्रिय असतो. शरीरातली विकरे ते शेपूट कापतात आणि एसएन-३८ हा खरा, शेकडो पटींनी प्रभावी रेणू मोकळा होतो. इरिनोटेकनला जपानमध्ये १९९४ साली आणि अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ते आजही रोजच्या वापरात आहे.

रसायनतज्ज्ञाने केलेल्या बदलाची किंमतही असते. एसएन-३८ शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृत त्याला साखरेचा एक तुकडा जोडते. ज्यांच्यात जन्मतःच हे काम मंद चालते त्यांना तीव्र जुलाब आणि पांढऱ्या पेशी घटण्याचा त्रास जास्त होतो. या औषधावर असताना जुलाब सुरू झाले तर घरी वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. सल्ला देणार नाही असे वर म्हटले असले तरी एवढे सांगणे मला आवश्यक वाटते.

या रेणूची गोष्ट तिथेही थांबलेली नाही. ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकन (अमेरिकेत मान्यता २०१९) आणि सॅसिट्युझुमॅब गोविटेकन (२०२०) या नव्या औषधांत कॅम्प्टोथेसिनच्या कुळातले रेणू प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) रासायनिक दुव्याने टांगलेले असतात. प्रतिपिंड कर्कपेशी हुडकतो, आत शिरल्यावर दुवा तुटतो आणि रेणू सुटतो. तो दुवा रक्तात टिकला पाहिजे आणि पेशीत तुटला पाहिजे, हे गणित पुन्हा सेंद्रिय रसायनशास्त्राचेच आहे.

आमच्या दारात सदाफुली आहे. तिच्या पानांचा काढा घेतला तर चालेल का?

कृपा करून घेऊ नका, आणि कोणाला देऊही नका.

सदाफुलीतून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही दोन औषधे मिळाली हे खरे आहे. १९५८ च्या सुमारास कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे तिच्या पानांत मधुमेहाचे औषध शोधत होते. उंदरांची साखर उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी घसरल्या, आणि त्यातून रक्ताच्या कर्करोगावरचे औषध हाती आले. पण वाळलेल्या पानांच्या टनात व्हिनक्रिस्टिन मिळते ते काही ग्रॅमच. काढ्यात ते किती उतरले हे कोणी सांगू शकत नाही, आणि त्याच्याबरोबर त्या झाडातली इतर शंभराहून अधिक अल्कलॉइडेही उतरतात, त्यांतली काही हृदयावर आणि रक्तदाबावर परिणाम करणारी असतात.

नेमक्या, शुद्ध रेणूचे महत्त्व किती आहे, ते या दोन औषधांच्या रचनेवरून कळेल. दोन्हींचा सांगाडा एकच. एका नायट्रोजनवर व्हिनब्लास्टिनमध्ये मिथिल गट आहे तर व्हिनक्रिस्टिनमध्ये फॉर्मिल गट. एवढ्याशा फरकाने एकाचा त्रास मुख्यतः अस्थिमज्जेला होतो आणि दुसऱ्याचा नसांना. एकाचा वापर हॉजकिनच्या आजारात (लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगात) अधिक, दुसऱ्याचा लहान मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात. व्हिनब्लास्टिन झाडात तुलनेने जास्त असते, म्हणून कडक थंडाव्यात त्याचे ऑक्सिडीकरण करून व्हिनक्रिस्टिन बनवण्याची पद्धत रसायनतज्ज्ञांनी बसवली. रुग्णाला मिळते ती अशा शुद्ध रेणूची मिलिग्रॅममध्ये मोजलेली मात्रा.

मग आमसूल आणि काजू यांच्याबद्दल जे वाचायला मिळते त्यात तथ्य किती?

तथ्य आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढे नाही. रातांब्याच्या, म्हणजे ज्याचे आमसूल होते त्या फळाच्या, सालीत गार्सिनॉल नावाचा रेणू असतो, आणि काजूबीच्या टरफलातल्या तेलात अॅनाकार्डिक आम्ल. काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी ज्या तेलाने सोलवटते, तेच हे तेल. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील गटाने २००३ आणि २००४ साली दाखवले की हे दोन्ही रेणू पी३०० नावाच्या विकराला अडवतात. हे विकर पेशीतील जनुके चालू-बंद करण्याच्या कामात असते आणि कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. त्यानंतर या रेणूंत बदल करून अधिक नेमके रेणू बनवण्याचे प्रयत्न झाले.

नेमकेपणा हीच अडचण होती. गार्सिनॉल एकाच प्रथिनाला चिकटून थांबत नाही, अनेकांना चिकटतो. परीक्षानळीत ते चांगले दिसते, पण शरीरात अशा रेणूचा भरवसा धरता येत नाही. आजच्या घडीला गार्सिनॉल किंवा अॅनाकार्डिक आम्ल हे कर्करोगावरचे मान्यताप्राप्त औषध नाही. सोलकढी जरूर प्यावी, ती चवीसाठी.

काजूच्या तेलाकडे मात्र मी वेगळ्या नजरेने पाहतो. वेंगुर्ला, मालवण, राजापूर भागात काजूप्रक्रियेतून टरफलांचे ढीग पडतात. त्या तेलातून पंधरा कार्बनच्या साखळीचे तयार फिनॉल मिळते, जे पेट्रोलियमपासून बांधायला अनेक पायऱ्या लागतील. संश्लेषणाचा कच्चा माल म्हणून त्याचा अभ्यास आपल्याच महाविद्यालयांत होऊ शकतो, आणि व्हायला हवा असे माझे मत आहे.

समुद्रातूनही अशी औषधे मिळतात का?

मिळाली आहेत, आणि संश्लेषणाची सर्वांत मोठी कामगिरी मी त्यांतच मोजतो. सायटाराबिन या ल्युकेमियावरच्या औषधाची (अमेरिकेत मान्यता १९६९) कल्पना कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजातील रेणूंवरून सुचली. पण सविस्तर सांगावी अशी कथा एरिब्युलिनची आहे.

१९८६ साली जपानी शास्त्रज्ञ हिराता आणि उएमुरा यांनी काळ्या समुद्री स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन-बी हा रेणू वेगळा केला. ६०० किलो स्पंजातून मिळाला १२.५ मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीत मावणारी पूड. कर्कपेशींवर त्याचा परिणाम जबरदस्त होता, पण एवढ्याने औषध होत नाही, आणि औषध होण्याइतके स्पंज समुद्रातून खरवडले तर समुद्रच रिकामा होईल. १९९२ साली हार्वर्ड विद्यापीठात योशितो किशी यांच्या गटाने हा प्रचंड रेणू पूर्णपणे प्रयोगशाळेत बांधला. त्यात ३२ त्रिमितीय केंद्रे आहेत; प्रत्येक केंद्र डावे की उजवे हे बरोबर ठरले तरच रेणू बरोबर होतो, डावी चप्पल उजव्या पायात जात नाही तसे.

नंतर जे घडले ते कोणी आधी ठरवले नव्हते. किशींनी वाटेत बनवलेले अर्धवट तुकडेही तपासणीसाठी पाठवले होते, आणि असे दिसले की रेणूचा उजवा अर्धा भाग एकटाच पुरेसा प्रभावी आहे. म्हणजे निम्मा रेणू गाळता येत होता. आयसाई कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी त्या अर्ध्या भागातले नाजूक, शरीरात पटकन तुटणारे बंध बदलून केटोन गट घातला, आणि एरिब्युलिन तयार झाले. त्यातही १९ त्रिमितीय केंद्रे आहेत, आणि ते पूर्णपणे संश्लेषणानेच, साठांहून अधिक पायऱ्यांनी, कारखान्यात बनते. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेत त्याला शरीरात इतरत्र पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी मान्यता मिळाली. झाड किंवा स्पंज नुसता उकळून हा रेणू कधीच मिळाला नसता, कारण तो निसर्गात नाहीच.

साठ पायऱ्या म्हणजे काय, हे हिशेबाने पाहावे. प्रत्येक पायरीत शंभरापैकी नव्वद भाग हाती लागले, जे उत्तम समजले जाते, तरी साठ पायऱ्या एकामागून एक केल्यावर हजार भागांतले जेमतेम दोन उरतात. म्हणून रसायनतज्ज्ञ दोन-तीन मोठे तुकडे स्वतंत्रपणे तयार करतात आणि शेवटी जोडतात. तीस-तीस पायऱ्यांचे दोन तुकडे केले तर तेच उत्पादन हजारात चाळीसच्या पुढे जाते. घराचे वासे आणि तुळई सुतार वेगवेगळ्या तासून ठेवतो आणि मग छप्पर उभे करतो, तशीच ही रीत आहे.

आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्री जीवांचा अभ्यास गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत होत असतो. मालवणच्या समुद्रात स्पंज आणि प्रवाळ आहेत. तेथून काहीही उचलण्याआधी परवानगी लागते, आणि ती अट योग्यच आहे.

प्रयोगशाळेत हे काम प्रत्यक्ष कसे चालते?

बहुतेक वेळ वाट पाहण्यात आणि स्वच्छ करण्यात जातो. गोल बुडाच्या काचेच्या चंबूत अभिक्रिया लावायची, चुंबकी काडी फिरत ठेवायची, आणि तासातासाला टीएलसी काढायची. टीएलसी म्हणजे बोटाएवढी, सिलिकाचा पातळ थर दिलेली पट्टी. केशनळीने तिच्या तळाशी एक ठिपका मूळ पदार्थाचा आणि एक अभिक्रियेतल्या द्रवाचा ठेवायचा, पट्टी हेक्झेन आणि इथिल अॅसिटेटच्या मिश्रणात उभी करायची, द्रव वर चढला की काढून अतिनील दिव्याखाली धरायची. हिरवट उजेडात काळे ठिपके दिसतात. मूळ पदार्थाचा ठिपका गेला आणि त्याच्या वर किंवा खाली नवा एकच ठिपका आला, तर त्या दिवसाचे सार्थक झाले. बहुधा चार ठिपके येतात. मग सिलिकाचा कॉलम लावायचा आणि पन्नास-साठ परीक्षानळ्यांत थेंबथेंब गोळा करत हवा तो पदार्थ वेगळा करायचा. शेवटी तो खरोखर तोच आहे की नाही हे एनएमआर सांगते, आणि ते यंत्र आमच्याकडे नसल्यामुळे नमुने मुंबईला किंवा पुण्याला पाठवावे लागतात.

कोकणात एक अडचण जास्तीची आहे. ब्युटिल लिथियमसारखी अभिकारके पाण्याच्या अंशानेही नष्ट होतात, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीलाही ओल सुटते. जुलैमध्ये भट्टीतून काढलेला चंबू टेबलावर ठेवेपर्यंत त्यावर दमट हवेचा थर बसतो. एका पावसाळ्यात माझी एका पायरीची अभिक्रिया सलग अकरा वेळा फसली. बाराव्या वेळी चंबू गरम असतानाच नायट्रोजन सोडून बंद केला, विद्रावक त्याच सकाळी सोडियमवर ऊर्ध्वपातित केला, आणि ती जमली. विद्यार्थ्यांना मी तो वहीचा भाग अजून दाखवतो.

केमोथेरपीची औषधे म्हणजे विषच ना?

जुन्या औषधांपैकी काहींचा उगम खरोखर विषात आहे. १९४२ साली अमेरिकेत लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी मस्टर्ड वायूच्या नायट्रोजनयुक्त भाईबंदाचा प्रयोग लिम्फोमाच्या रुग्णावर केला. पण ‘विष’ म्हणून उपचार टाळणे चुकीचे आहे. ही औषधे विभागणाऱ्या पेशींना मारतात. कर्कपेशी सतत विभागतात, म्हणून त्यांना या औषधांचा फटका जास्त बसतो, आणि केसांच्या मुळांच्या, आतड्याच्या अस्तराच्या पेशीही विभागतात, म्हणून केस जातात आणि पोट बिघडते. रसायनतज्ज्ञाची सत्तर-ऐंशी वर्षांची धडपड आहे ती हा फरक वाढवण्याची.

लक्ष्यवेधी औषधे वेगळी कशी असतात?

त्यांत आधी कर्कपेशीतील बिघडलेले प्रथिन ओळखले जाते आणि मग त्याच्या खाचेत बसेल असा रेणू बांधला जातो. इमॅटिनिब हे त्याचे ठळक उदाहरण. एका प्रकारच्या दीर्घकालीन ल्युकेमियात बीसीआर-एबीएल हे प्रथिन सतत चालू राहते. स्वित्झर्लंडमध्ये हाती आलेला सुरुवातीचा रेणू दुसऱ्याच विकरावर काम करणारा होता. त्यावर पिरिडिनचे कडे लावल्यावर तो पेशींत अधिक परिणाम करू लागला. अमाइड गट जोडल्यावर तो हव्या त्या विकराला अडवू लागला. एका ठरावीक जागी एकच मिथिल गट बसवल्यावर रेणू किंचित वळला आणि नको असलेल्या विकरावरचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. आणि शेवटी पायपेराझिनचे कडे लावल्यावर तो पाण्यात विरघळून गोळीच्या रूपात देता येऊ लागला. मे २००१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षे नोकरी-संसार करणारे रुग्ण आज आपल्या तालुक्या-तालुक्यांत आहेत.

प्रयोगशाळेत कर्कपेशी मरतात असे बातम्यांत येते. मग औषध बाजारात का येत नाही?

पेशी मारणे ही सर्वांत सोपी पायरी आहे. ब्लीचिंग पावडरनेही ताटलीतल्या पेशी मरतात. रेणूने निरोगी पेशींना वाचवले पाहिजे, आतड्यातून रक्तात आले पाहिजे, यकृताने लगेच मोडता कामा नये, हृदयाची लय बिघडता कामा नये, आणि तो किलोंच्या मापात शुद्ध बनवता आला पाहिजे. माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा रेणूंपैकी नऊ तरी तेथे गळतात. बातमी वाचताना प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर झाला की माणसांवर, हे आधी पाहावे.

आपल्याकडे ही औषधे स्वस्त कशी मिळतात?

१९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट देण्याची तरतूद केली. त्यामुळे त्याच रेणूकडे जाणारी वेगळी वाट शोधणे हे आपल्या रसायनतज्ज्ञांचे काम झाले आणि त्यात ते तरबेज झाले. २००५ पासून रेणूवरही पेटंट मिळू लागले, पण कलम ३(ड) नुसार जुन्याच रेणूच्या किरकोळ बदलाला ते मिळत नाही. याच कलमाखाली १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपाचे पेटंट नाकारले. त्याआधी, मार्च २०१२ मध्ये, सोराफेनिब या कर्करोगावरच्या औषधासाठी देशातला पहिला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणारा) दिला गेला आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ८,८०० रुपयांच्या आसपास आला.

महाड, रोहा, पाताळगंगा, लोटे या वसाहतींत औषधांचे मधले टप्पे बनवणारी आपली मुले या साखळीचा भाग आहेत. रिॲक्टरपाशी रात्रपाळी करणाऱ्याला हे कोणी सांगत नाही, म्हणून येथे लिहितो.

पण याच कारखान्यांच्या सांडपाण्याचे काय?

हा प्रश्न टाळून औषधांचे गुणगान करणे मला जमत नाही. रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली मांडलेल्या हिशेबानुसार औषधनिर्मितीत एक किलो उत्पादनामागे २५ ते १०० किलो, कधी त्याहूनही जास्त कचरा होतो. त्यात बहुतांश विद्रावक असतात. वाशिष्ठी आणि दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांनी मासळी मेल्याच्या तक्रारी अनेक वर्षे केल्या आहेत. यावरचे उपाय रसायनशास्त्रातच आहेत: पायऱ्या कमी करणे, उत्प्रेरक वापरणे, डायक्लोरोमिथेनऐवजी सौम्य विद्रावक घेणे आणि वापरलेला विद्रावक पुन्हा ऊर्ध्वपातित करून घेणे. कर्करोगाच्या औषधांच्या बाबतीत तर धुण्याचे पाणीदेखील स्वतंत्रपणे निष्प्रभ केले पाहिजे, कारण हे रेणू अत्यल्प प्रमाणातही जिवंत पेशींवर परिणाम करतात.

संगणकामुळे हे सगळे आता झटपट होईल का?

कोणता रेणू बनवावा हे ठरवायला मोठी मदत होते आहे. तो बनवायला मात्र अजूनही चंबू, हात आणि महिने लागतात.

मुलीला या क्षेत्रात जायचे आहे. काय करावे?

बी.एस्सी. रसायनशास्त्र, मग सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी.; जॅम परीक्षेतून आयआयटीत प्रवेश मिळतो, नेट किंवा गेटमधून संशोधनाची वाट खुली होते. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईतील रसायन तंत्रज्ञान संस्था, आणि जीवशास्त्राकडे ओढा असेल तर खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन केंद्र अॅक्ट्रेक ही घरापासून फार दूर नसलेली ठिकाणे आहेत. पहिल्या वर्षापासून अभिक्रियांची यंत्रणा, म्हणजे इलेक्ट्रॉन कोठून कोठे जातो, हे बाण काढून समजून घेण्याची सवय लावावी; पाठांतरावर ती पदवी मिळवेल, पण अकराव्या फसलेल्या अभिक्रियेनंतर पुढे काय करायचे हे तिला सुचणार नाही.

आमच्या जागेत नरक्याची झाडे आहेत. दलाल भाव विचारून गेला. काय करू?

तोडू नका. खाजगी जागेतली असली तरी तोड आणि वाहतूक यांना नियम लागू आहेत; आधी वन विभागाच्या कार्यालयात जाऊन माहिती घ्या. झाडांना फळे धरली की पिकलेल्या बिया गोळा करून सावलीत रोपे करता येतात. तुमच्याकडे दहा झाडे असतील तर त्यांच्या बियांची रोपे गावच्या देवराईच्या कडेने लावा, आणि कोणत्या झाडाला फुले-फळे कधी येतात याची तारखेसह नोंद ठेवा. माझ्याकडे अशा नोंदी आणून देणाऱ्या प्रत्येकाची वही मी जपून ठेवतो.